अंगठ्यांचे युद्धशास्त्र
लेखांक ४ : प्रहारांची साखळी

काबाम कंपनीच्या व्हँकूव्हर येथील स्टुडिओने तयार केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मार्व्हल कॉन्टेस्ट ऑफ चॅम्पियन्स’ या मोबाइल-खेळात स्क्रीनचे दोन भाग कल्पून डाव्या भागाकडे संरक्षणाचे आणि उजव्या भागाकडे आक्रमणाचे खाते कसे सोपविले आहे, हे गतलेखांकी आपण पाहिले. काचेला बटणासारखी कड नसल्यामुळे, नजर प्रतिस्पर्ध्यावर खिळलेली असता अंगठ्याला आपली जागा चाचपून ओळखता येत नाही. म्हणूनच अंगठा नेमका कोठे टेकला यापेक्षा टेकल्यावर तो काय करतो, यावर या खेळाच्या रचनाकारांनी सारी भिस्त ठेवली. प्रस्तुत लेखांकात उजव्या अंगठ्याच्या कारभाराचा तपशील पाहावयाचा आहे.

हा कारभार अवघ्या तीन खुणांवर चालतो. नुसते टॅप केले की हलका प्रहार होतो. उजवीकडे स्वाइप केले की आपला योद्धा मधले अंतर तोडून पुढे झेपावतो आणि मध्यम प्रहार करतो. अंगठा दाबून धरला की जड, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतील ‘हेवी’, प्रहाराची सिद्धता होऊ लागते. या तिन्हींतील भेद यंत्राला मनोमन उमगत नाही, त्यासाठी त्याला पुरावा लागतो : अंगठा पुरेसा सरकला तर तो स्वाइप, सरकला नाही पण पुरेसा वेळ टेकून राहिला तर ते दाबणे. नवशिक्याची फजिती बहुधा येथेच होते. घाईने केलेला आखूड स्वाइप टॅप म्हणून दप्तरी दाखल होतो, योद्धा जागच्या जागी हवेत ठोसा मारतो, आणि ती चूक समोरच्याला आयतीच संधी देऊन जाते. उलट, हेवीस लागणारा विलंब हा त्या प्रहाराच्या सामर्थ्याचा मोबदला होय. त्याने प्रतिस्पर्ध्याचा ब्लॉक, म्हणजे बचावाचा पवित्रा, फुटतो खरा, पण त्याची सिद्धता चालू असेतोवर आपली स्वतःची छाती उघडी असते.

या सुट्या प्रहारांची गुंफण म्हणजे कॉम्बो. स्वाइप, तीन टॅप आणि पुन्हा स्वाइप, म्हणजेच मध्यम, तीन हलके आणि अखेरीस मध्यम, ही पाच प्रहारांची साखळी या खेळात सर्वाधिक रूढ आहे. पहिला स्वाइप अंतर मिटवितो, मधले टॅप प्रतिस्पर्ध्यास सावरू देत नाहीत, आणि शेवटचा स्वाइप त्यास मागे भिरकावतो. पाचाच्या पुढे साखळी जात नाही, हा येथील कायदाच आहे. तरीही विजयाच्या भरात सहाव्या प्रहारासाठी अंगठा शिवशिवतोच. जाणता खेळाडू पाचवा प्रहार लागताच डाव्या भागावर मागे स्वाइप करून योद्ध्यास सुरक्षित अंतरावर आणतो. ही माघार साखळीचाच सहावा दुवा मानावी, म्हणजे ती कधी विसरली जाणार नाही.

मग साखळीस आरंभ केव्हा करावा? ब्लॉक धरून उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर बेधडक धावून जाणे म्हणजे आपले प्रहार ढालीवर झिजवून प्रतिहल्ला ओढवून घेणे. त्याऐवजी किंचित दूर उभे राहावे आणि प्रतिस्पर्ध्यास झेपावू द्यावे. त्याचा प्रहार अंगावर पडण्याच्या ऐन आधीच्या क्षणी डावा अंगठा टेकविला, आणि ‘पॅरी’ ही मास्टरी, म्हणजे खेळात मिळवावयाचे कौशल्य, आपण हस्तगत केलेली असली, तर प्रतिस्पर्धी क्षणभर बधिर होऊन उभा राहतो. अंगठा आधीपासूनच टेकलेला असेल तर मात्र तो साधा ब्लॉक ठरतो व आपली थोडीफार हानी होतेच. म्हणून पॅरीसाठी अंगठा उचललेला असणे ही पहिली अट होय. याहून धाडसाचा मार्ग म्हणजे ‘इंटरसेप्ट’ : तो झेपावताच आपणही स्वाइप करून त्याच्या आधी प्रहार पोहोचविणे. पॅरीत क्षण चुकला तर बहुधा ब्लॉक पदरी पडतो, इंटरसेप्टमध्ये चुकला तर मार पदरी पडतो. यावरून शिकण्याचा क्रम कोणता असावा, हे वेगळे सांगावयास नको.

हा संयम केवळ सावधगिरीपोटी नव्हे. प्रहार करणाऱ्याप्रमाणे प्रहार सोसणाऱ्याच्याही शक्तीच्या पट्टीत भर पडत असते. तीन खणांची ती पट्टी पूर्ण भरली की मिळणारा तिसरा विशेष प्रहार सामान्यतः ब्लॉकने अडत नाही व चुकविताही येत नाही. सबब, आपली प्रत्येक यशस्वी साखळी शत्रूच्याही खजिन्यात काही रक्कम जमा करीत असते, हे ध्यानी ठेवून, त्याचा एक वा दोन खण भरताच आक्रमण आवरावे, आणि त्यास पहिला वा दुसरा, म्हणजे तिसऱ्याहून हलका, विशेष प्रहार खर्ची घालावयास लावावे. तो प्रहार चुकविल्यावर मिळणारी उघडीप ही नव्या साखळीची सर्वोत्तम वेळ होय.

या आठवड्याचा अभ्यास असा : एखादी सोपी लढत निवडावी, आणि पॅरीखेरीज एकही साखळी सुरू करू नये. लढत लांबेल, घड्याळाचा काटा डोळ्यांत खुपेल, तरीही नियम मोडू नये. पॅरी, पाच प्रहार आणि माघार हा क्रम अंगवळणी पडला की वेग आपोआप येतो. वेगाच्या मागे लागणाऱ्यास हा क्रम मात्र क्वचितच साधतो. शत्रूस विशेष प्रहार खर्ची घालावयास लावण्याच्या युक्त्या आणि प्रत्येक योद्ध्याचा असा प्रहार चुकविण्याची वेळ कशी ओळखावी, याचा विचार पुढील लेखांकी करू.