पणजीचे माहेर

पणजोबांचे नाव विचारा. शाळकरी पोरही चटकन सांगेल. पणजीचे माहेरचे नाव विचारले, की घरातले जाणतेही गप्प होतात. वंशावळ पडली पुरुषांची. लग्नात मुलीचे आडनाव गेले, पुष्कळदा नावही बदलले.

जिजाबाईंचे माहेर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले सिंदखेडराजा, हे सर्वांना ठाऊक. त्यांचे वडील लखुजी जाधवराव १६२९ साली दौलताबादेस मारले गेले. त्यांची समाधी सिंदखेडला आजही उभी आहे. पण ते पडले सरदार! कुणब्याच्या लेकीचे माहेर दगडात कोण कोरून ठेवणार?

त्याच शतकात इंग्लंडात क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ निघाला. त्यांच्या लग्नाच्या कागदावर हजर असलेली सारी मंडळी, बायकासुद्धा, सही करीत. अमेरिकेच्या वसाहतींत गेल्यावरही त्यांनी ही चाल सोडली नाही. म्हणून तिथल्या एखाद्या बाईचे माहेर तीनशे वर्षांनीही हाती लागते.

आपल्याकडे आधार कोतवाल बुकाचा. त्यात जन्माची नोंद बहुधा बापाच्या नावाने. पुष्कळदा लेकराचे नावही नसते. पण एक खूण आहे बरं का. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. तेव्हा पणजीच्या थोरल्या लेकराचा जन्म सासरच्या गावी सापडला नाही, तर सोयरिकीच्या गावांची बुके पाहावीत. जिथे नोंद निघेल ते बहुधा तिचे माहेर.

गुरुजींनी मुलांना आजीचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि गाव घरी विचारून वहीत लिहायला सांगावे. सासरी नाव बदलले असल्यास दोन्ही लिहावीत.