मानपाड्याहून घारापुरीला

जपानच्या नाओशिमा बेटावर लोक कला पाहायला आणि चार घास खायला एकेकटे जातात. मानपाड्याच्या माणसाला त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी, तिथून गेटवे ऑफ इंडिया आणि मग तासाभराचा लाँचचा प्रवास, की घारापुरी!

बेटावर शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेलं की सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेली मुख्य शैव लेणी समोर येतात. एकट्याने जाण्याचा फायदा इथे कळतो, कारण 'चला, चला' म्हणणारं कुणी नसतं. सुमारे वीस फूट उंच सदाशिवासमोर हवं तितकं थांबावं. मधला चेहरा शांत, एक उग्र, एक कोमल. पोर्तुगीज काळात मूर्तींची बरीच मोडतोड झाली, तरीही अर्धनारीश्वराच्या देहाची लय हरवलेली नाही. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला 'एलिफंटा' म्हटलं, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

पायऱ्यांवर काकडी, कैरी, ताक मिळतं. हातातलं मात्र माकडांपासून सांभाळायचं. जेवायला खाली मासळीचं ताट घ्यावं.

जाण्याआधी वार पाहा: सोमवारी लेणी बंद असतात.