मासळी खावी की सोडावी?

नागावात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळ-सुपारीच्या वाड्या. इथे मांसाहाराच्या नीतीची चर्चा मासळीपासूनच सुरू होते.

• बंदी : २०२५ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस मासेमारी बंद होती. पावसाळा हा अनेक जातींच्या विणीचा काळ.

• आकार : २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवला. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. वाढ न झालेलं पापलेट विकत न घेणं गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

• श्रावण : अनेक घरांत मासळी-मटण बंद, पण दूध-तूप चालतं. म्हणजे हा शाकाहार, व्हिगन आहार नव्हे. व्हिगन माणूस दूध, अंडी, मधही टाळतो. या विचाराची ‘व्हिगन सोसायटी’ १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली.

• वेदना : माशांना, तसंच खेकडे-कोळंबीलाही जाणीव असण्याची वास्तव शक्यता आहे, असं २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनी म्हटलं.

• वाडीतलं ताट : वालाचं बिरडं, फणसाची भाजी, नारळाच्या रसाची सोलकढी, भात; वरचं तूप वगळलं की हे ताट व्हिगन. मडक्यात भाजायची पोपटीही कोंबडी-अंड्यांशिवाय, नुसत्या वालाच्या शेंगांची लावता येते.

• दुसरी बाजू : मासेमारी हे कोळी कुटुंबांचं पोट आहे. वाडीतल्या पाहुण्याला मासळी सोडणं जितकं सोपं, तितकं ते होडीवाल्याला नाही.