सशाची भीती घालवणाऱ्या बाई

लिफ्टमध्ये शिरायचं म्हटलं की छाती धडधडते, हातपाय गार पडतात. अशा वेळी गोळी घ्यावी, थेरपी घ्यावी, की स्वतःच मन घट्ट करावं? वाचकांच्या या नेहमीच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर १९२४ सालच्या एका प्रयोगात आहे.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत ‘छोटा अल्बर्ट’ हमखास भेटतो. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२०मध्ये या बाळाच्या पाठीमागे पोलादी दांडा बडवून त्याला पांढऱ्या उंदराला भ्यायला शिकवलं. ती भीती घालवायची मात्र राहूनच गेली. भीती घालवण्याचं काम पुढे दुसऱ्या एका मुलाबाबत केलं मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी. नाव गाजलं ते वॉटसन यांचं!

जोन्सबाईंच्या १९२४च्या प्रयोगातला पीटर जेमतेम तीन वर्षांचा. ससा, पिसं, कापूस, फरचा कोट, सगळ्यालाच भ्यायचा. जोन्सबाईंनी सशाला न घाबरणारी मुलं त्याच्यासोबत खेळायला ठेवली. पोरगा धीट होऊ लागला, तोच स्कार्लेट फीव्हर झाला. त्यातून उठला तर एक मोठा कुत्रा अंगावर आला. झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! मग बाईंनी पीटरला आवडीचा खाऊ दिला आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला. पीटर बिथरणार नाही अशा बेतानं ससा जवळ येत गेला. घाई केली असती तर पीटर खाऊलाच भ्यायला लागला असता, हे त्या जाणून होत्या. अखेर तो सशाला कुरवाळू लागला.

मला त्यांच्या फसलेल्या युक्त्यांची नोंद अधिक मोलाची वाटते. नुसतं समजावणं, चेष्टा करणं, भीतीची वस्तू नजरेआड ठेवणं यांनी मुलांची भीती फारशी हटली नाही. आपल्या घरांत आजही याच युक्त्या चालतात.

पुढे जोसेफ वोल्पी यांनी याच धर्तीवर मोठ्यांसाठी उपचारपद्धती बांधली. आजच्या सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी) या उपचारातही भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाण्याला मोठं स्थान आहे. त्रास सौम्य असेल तर अशा पायऱ्या स्वतःही आखता येतात. गोळ्यांचं म्हणाल, तर चिंतेवर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. अल्प्राझोलाम हे औषध झटकन शांत करतं, पण त्याची सवयही लागते. ते शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नये आणि नियमित चालू असेल तर मनानं एकदम थांबवूही नये.

‘आठ दिवसांत चिंतामुक्ती’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. झोप, भूक, कामधंदा बिघडू लागला तर डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीतही बोलता येतं.