माळावर झाडं लावून हरणं वाचत नाहीत

वैजापूर-गंगापूरच्या माळावर चार पाऊस पडून गेले की काळविटांचे कळप नजरेला पडतात. नराची पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, शिंगं पिळदार. माद्या पिवळसर, बहुधा बिनशिंगांच्या. नाशिक जिल्ह्यातल्या ममदापूर-राजापूरकडचा काळविटांचा मुलूखही इथून दूर नाही. आपल्या पाच-दहा एकरांच्या पडीक तुकड्यात किंवा गावच्या गायरानात या जनावरांना आसरा मिळावा, असं वाटणारे शेतकरी आणि तरुण मंडळं या भागात आहेत. त्यांची तळमळ खरी आहे. पण ऐकीव समजुतींवर केलेले उपाय बऱ्याचदा हरणांच्याच मुळावर येतात.

पहिली समजूत सगळ्यात नुकसान करणारी आहे: माळ उजाड आहे, झाडं लावली की हरणं वाढतील. चितळाला झाडी लागते, काळविटाला उघडं रान. लांबवर नजर पोचणं आणि संकट दिसताच सुसाट पळता येणं, हाच त्याचा बचाव. दाट झाडीत या दोन्ही गोष्टी जातात. शिवाय सावली दाटली की पवन्या, मारवेल, डोंगरी ही चाऱ्याची गवतं मागे हटतात. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० साली खास काळविटांसाठी जाहीर झालं. त्याचं क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेतही काळवीट टिकतं ते गवताच्या जोरावर. सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलेली जमीन रिकामी नसते, हे आधी मनावर घ्यायला हवं. गिरीपुष्प, सुबाभूळ तिथे लावूच नये. वेडी बाभूळ दिसली तर लहान असतानाच मुळासकट काढावी. तिच्या गोड शेंगा काळविटं खातात, बिया लेंड्यांतून माळभर पडतात, म्हणजे उशीर केला की तिचा पसारा हरणंच वाढवतात. बोरी, हिवर ही मुळातली तुरळक झाडं मात्र असू द्यावीत.

मग चराई पूर्ण बंद करावी का? तसंही नाही. काळविटाला आखूड, कोवळं गवत आवडतं. वर्षानुवर्षं न कापलेलं गवत जरड होतं. पावसाळ्यानंतर बी पिकून गळू द्यावं, मग पट्ट्यापट्ट्याने कापणी करावी. एक पट्टा आखूड, शेजारचा उभा. उभ्या पट्ट्याचं कारण पाडस.

गवतात एकटं, निपचित पडलेलं पाडस दिसलं की आईने टाकलं असं समजून लोक ते घरी आणतात. जन्मानंतरचे काही आठवडे मादी पिल्लाला मुद्दाम लपवून ठेवते, स्वतः लांब चरते आणि पाजण्यापुरती परत येते. मान जमिनीला टेकवून पडलेलं पाडस बहुतेक वेळा आजारीही नसतं, अनाथही नसतं. हात न लावता, कुत्री आवरून, तिथून निघून जावं. जखम दिसली तर वनरक्षकाला कळवावं.

पाण्याबाबतही असंच. शेततळं खोदलं म्हणजे हरणांची सोय झाली, असं नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात उतरलेल्या जनावराचे खूर घसरतात. चढायला आधार नाही, की ते थकून बुडतं. कठडा नसलेली विहीरही तशीच, विशेषतः कुत्री मागे लागलेली असताना. तळ्याला कुंपण घालावं किंवा एका उतारावर काथ्याची जाळी नाहीतर एकमेकांना बांधलेले जुने टायर सोडावेत. हरणांसाठी वेगळा, उथळ आणि उतरत्या काठाचा पाणवठा हवा, तोही उघड्यावर. ज्वारी, मका किंवा भाकरीचे तुकडे टाकू नयेत. रवंथ करणाऱ्या पोटात धान्य एकदम जास्त गेलं की आम्लता वाढून जनावर दगावू शकतं.

'जमीन माझी, तर हरणाचं काय करायचं तेही मी ठरवीन' हा समज कायद्यात बसत नाही. एके काळी कोल्हापूर दरबारात पाळीव चित्ते सोडून काळविटाची शिकार होई. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९३०च्या दशकात नेलेली काळविटं आजही खासगी रानांत शिकारीसाठी राखली जातात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि चिंकारा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणंही गुन्हाच, आणि त्याने माणसंही मरतात. झटका मशीन वेगळं. त्यातून क्षणभराचा, जीव न घेणारा धक्का बसतो.

हरणांनी कोवळा मूग-हरभरा खाल्ला तर शेतकऱ्याचा संताप रास्त आहे, आणि तो तोटा त्याने एकट्याने सोसावा अशी अपेक्षा कुणी करू नये. हरणांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई मिळतच नाही, हाही गैरसमज आहे. राज्य शासनाच्या भरपाईच्या यादीत रानडुक्कर, रोही यांच्याबरोबर हरीणही आहे. अर्ज नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. सोबत सातबारा लावावा, आणि पंचनामा होईपर्यंत खाल्लेलं पीक तसंच उभं ठेवावं.