एक आवाज, वीस ठिकाणं

दोस्तांनो, मार्च १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोला इंटरनेट-तज्ज्ञांची बैठक भरली होती. तिथली भाषणं त्याच वेळी तीन खंडांतल्या २० ठिकाणी कॉम्प्युटरवर ऐकू जात होती! प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवली असती, तर पहिल्याच तारेवरून तोच आवाज २० वेळा धावला असता. मग युक्ती काय? प्रत एकच सोडायची आणि वाटा फुटतील तिथेच तिच्या आणखी प्रती करायच्या. हेच ‘मल्टिकास्ट’. स्टीव्ह डिअरिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यावर काम केलं होतं.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. या जाळ्यात वाटा गोल फिरूनही येतात. वाट दाखवणारं यंत्र, म्हणजे राउटर, आलेली प्रत नुसतं पुढे ढकलत बसलं तर प्रती वाढतच जातील की! म्हणून ते आधी बघतं : जिथून आवाज निघाला, तिकडे परत जायची माझी सर्वांत जवळची वाट हीच का? हो? मग जा पुढे. नाही? मग प्रत सरळ टाकून दिली!

काही कंपन्या स्वतःच्या जाळ्यात टीव्ही दाखवायला आजही मल्टिकास्ट वापरतात. सगळ्या इंटरनेटवर मात्र ते रुजलं नाही. त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक कंपनीचे राउटर तयार हवेत ना! म्हणून मोबाइलवर क्रिकेटची मॅच बघताना तुमची प्रत वेगळी आणि शेजारच्या बंड्याची वेगळी.