नळ दारात आला, सांडपाण्याचे काय?

नेरडीगोंडा हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना कुंतला धबधब्यामुळे ठाऊक असते. नागपूर-हैदराबाद महामार्ग सोडून सहलीची वाहने कडेम नदीकडे वळतात. वाटेतले गोंडांचे गुडे आणि बंजाऱ्यांचे तांडे मात्र काचेआडून मागे पडतात. बालरोगतज्ज्ञाला या वस्त्यांची ओळख पावसाळ्यात होते, ती जुलाबांनी कोमेजलेल्या बालकांच्या रूपाने.

पूर्वी विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या चार हंड्यांवर घराचा दिवस निघे. सांडण्याइतके पाणीच नसे. २०१६ साली सुरू झालेल्या मिशन भगीरथ योजनेने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज १०० लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे पाच माणसांच्या घरातून ४०० लिटर आणि चाळीस घरांच्या गुड्यातून १६,००० लिटर. प्रत्यक्षात निम्मेच पाणी मिळते असे धरले, तरी रोजचे आठ हजार लिटर जाणार कोठे? ते अंगणात आणि वाटेवर साचते.

या डबक्यांमुळे हिवताप होतो असे सर्रास सांगितले जाते. ते तितकेसे खरे नव्हे. घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स डास. खरा धोका जलवाहिनीला आहे. नळ दिवसातून थोडा वेळच चालतो. पुरवठा थांबला की वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि सांधा निखळलेला असेल तेथून भोवतालचे गढूळ पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या घागरीत तेच येते.

जमिनीत मुरवावे म्हटले, तर काळी माती आडवी येते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पण ओली झाली की ती फुगून मिटते आणि पाणी मुरू देत नाही. म्हणून शोषखड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो. खालचा खडक भेगाळ असेल, तर तेच पाणी विहिरीकडे वाट काढते. तेव्हा जागा विहिरीपासून दूर आणि उताराखालची हवी. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून गटारांचा प्रश्न सोडविला. खड्ड्याच्या मध्यभागी छिद्रांची सिमेंटची टाकी आणि भोवती दगड, एवढीच त्याची रचना. टाकीत साचलेला गाळ वेळोवेळी काढावा लागतो. आपल्याकडे खड्डे बुजतात ते येथेच. खड्डा जमत नसेल तेथे केळी-अळूचे आळे हा आजीच्या परसातला उपाय अजूनही चांगला आहे.

कॅनडाच्या उत्तर टोकाला, नुनावुतमधील इन्युइट वस्त्यांत, जमीन कायमची गोठलेली असल्याने मैलापाणी टँकरने उचलून तळ्यांत सोडतात. ते हिवाळाभर गोठून राहते आणि उन्हाळ्यात वितळल्यावर त्याचे शुद्धीकरण होते. तेथे बर्फाने जे ठरविले, ते येथे काळ्या मातीने ठरवावयाचे आहे.

आता आपल्या विषयाकडे येतो. शौचालये बांधली की जुलाब थांबतील, असे आम्हां डॉक्टरांनाही वाटत होते. ओडिशातील पुरी जिल्ह्यात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तेथे गावांतील शौचालयांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले, परंतु बालकांचे जुलाब कमी झाले नाहीत. शौचालय असणे आणि घरातील सर्वांनी ते नेहमी वापरणे यांत अंतर राहिले. तान्ह्या मुलाची शी तर निरुपद्रवीच मानली जाते. ती धुतलेले पाणी न्हाणीच्या मोरीतून त्याच डबक्यात जाते आणि रांगणारे मूल त्याच चिखलात हात घालून तोंडात घालते. जंतूंच्या दृष्टीने पाहता बालकाची शी मोठ्यांच्या मळाहून सौम्य नसते, बहुधा अधिकच घातक असते.

ओ.आर.एस. आणि चौदा दिवसांचे झिंक देऊन आपण मूल वाचवितो, आणि ते त्याच अंगणात परत जाते. मी आता शिबिरात वजन-उंचीच्या आधी आईला विचारतो, "बाई, बाळाची शी कुठं टाकता?" बहुतेक वेळा उत्तर देण्याऐवजी ती हसते. मग मोरीचे पाणी कोठे जाते, ते पाहावयास मी तिच्याबरोबर घरामागे जातो.